भांडा, पण कशावरून ते तरी सांगा

नोव्हेंबर २०२५ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेचे मंत्री राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीला गेलेच नाहीत. पक्षातर्फे एकटे एकनाथ शिंदे आत बसले. रागाचं मूळ कल्याण-डोंबिवलीत होतं. तिथली सेनेची माणसं भाजप आपल्याकडे ओढत होता. पाठोपाठ शिंदे दिल्लीला जाऊन अमित शहांना भेटले. माझं माहेर डोंबिवलीचं, त्यामुळे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हा दुसरा विषय नव्हता. बहुतेकांचा सूर एकच होता: खुर्ची सोडवत नाही आणि कुरकुरही थांबत नाही, पटत नसेल तर बाहेर पडा.

मला हे मान्य नाही. युतीतल्या छोट्या पक्षाने जाहीरपणे भांडणं यात मुळात काही वावगं नाही. सरकारने चांगलं काही केलं की श्रेय मुख्यमंत्र्याच्या पक्षाला जातं आणि वाईट झालं की दोष सगळ्यांच्या वाट्याला येतो. पुढच्या निवडणुकीत मतदार विचारतो, मोठ्यालाच मत दिलं तर तुमची गरज काय? गप्प बसलेल्या छोट्या पक्षाकडे याचं उत्तर नसतं. मी म्युनिकमध्ये राहते. इथे बव्हेरियात तर अशा भांडणाची परंपराच आहे.

सीएसयू हा पक्ष जर्मनीच्या बव्हेरिया या एकाच राज्यात निवडणूक लढवतो. त्याचा थोरला भाऊ सीडीयू उरलेल्या जर्मनीत लढतो आणि बव्हेरियात पाऊल टाकत नाही. संसदेत १९४९ पासून दोघांचा गट एकच. तरीही २०१५ च्या नोव्हेंबरात, निर्वासितांचे लोंढे येत असताना, सीएसयूच्या अधिवेशनात पाहुण्या म्हणून आलेल्या सीडीयूच्या चॅन्सेलर (म्हणजे सरकारच्या प्रमुख) मर्केल व्यासपीठावर उभ्या होत्या आणि पक्षाध्यक्ष होर्स्ट झेहोफर शेजारी उभे राहून दहा मिनिटांहून जास्त वेळ त्यांना सुनावत होते. २०१८ च्या उन्हाळ्यात हेच झेहोफर केंद्रीय गृहमंत्री होते. दुसऱ्या युरोपीय देशात आधीच नोंद झालेल्या निर्वासितांना जर्मनीच्या सीमेवरूनच परत पाठवायचं की नाही, यावरून त्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली. सरकार पडतंय की काय, अशी वेळ आली. शेवटी तडजोड निघाली.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याची निवडणूक झाली आणि सीएसयू ४७.७ टक्क्यांवरून ३७.२ वर घसरला. म्हणजे भांडण फुकट नसतं. पण तेव्हा ट्राममध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये ज्याला विचारावं त्याला भांडण कशाचं आहे ते सांगता येत होतं. मतं दोन्हीकडची होती, मुद्दा मात्र सगळ्यांना ठाऊक होता. मतदाराने निकाल दिला तो त्या मुद्द्यावर आणि तो मांडण्याच्या पद्धतीवर.

नुसतं गप्प राहून निभावतं असंही नाही. उदारमतवादी एफडीपी २००९ मध्ये १४.६ टक्के मतं घेऊन मर्केलबाईंच्या सरकारात गेला. करकपातीचं मोठं वचन दिलं होतं. लोकांच्या लक्षात राहिली ती हॉटेलवाल्यांना मिळालेली सवलत. २०१३ मध्ये ४.८ टक्के मतं पडली आणि पाच टक्क्यांच्या अटीमुळे पक्ष संसदेबाहेर फेकला गेला. २०२१ मध्ये पुन्हा सरकारात आला, तेव्हा उलट टोक गाठलं: एकामागून एक विधेयकांवर आतूनच विरोध. नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅन्सेलर शोल्त्स यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकलं, आघाडी मोडली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीपी ४.३ टक्क्यांवर. आधी मूग गिळून बसला म्हणून बुडाला, नंतर सतत भांडला म्हणून बुडाला.

मग फरक कुठे पडतो? माझं उत्तर आहे, कागदात. जर्मनीतल्या सध्याच्या आघाडी सरकारने २०२५ मध्ये सत्तेवर येण्याआधी १४४ पानांचा करार केला. तो कोणालाही वाचता येतो. माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. वृद्धांच्या शुश्रूषेबद्दलची त्या करारातली पानं त्यांनी छापून घेतली आहेत, आणि समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत: हे झालं, हे नाही, इथे शब्द मोघम आहेत. पक्षांचे कार्यकर्ते शनिवारी बाजारात टेबल मांडून बसतात तेव्हा त्या ही पानं पिशवीत घालून नेतात. मंत्री टीव्हीवर भांडू लागले की त्या आधी पान उघडतात. करारात असलेल्या गोष्टीसाठी भांडतोय म्हटल्यावर त्यांच्या लेखी तो माणूस बरोबर. करारावर स्वतःच सही करून आता त्याच्याविरुद्ध बोलतोय म्हटल्यावर चूक. समाजवादी लोकशाहीवाद्यांनी, म्हणजे एसपीडीने, तर सही करण्याआधी आपल्या सगळ्या सभासदांचं मत घेतलं, ८४.६ टक्के होकार आला. वर्गणी भरणाऱ्या साध्या सभासदालाही मत होतं.

आता आपल्याकडे बघू. माझा मामेभाऊ डोंबिवलीत कॉलेजात असल्यापासून शिवसेनेच्या शाखेत जातो. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत सेना आणि भाजप राज्यात एकत्र सत्तेत होते आणि कल्याण-डोंबिवलीत समोरासमोर लढत होते. भाजप आमच्या शिवसैनिकांवर अन्याय करतो म्हणून शिंदे यांनी तेव्हा भर सभेत उद्धव ठाकरे यांच्याकडे मंत्रिपदाचा राजीनामा देऊ केला होता. माझा मामेभाऊ, आमचा दादा, त्या प्रचारात समोरच्या इमारतीतल्या भाजपच्या कार्यकर्त्याशी हातघाईवर आला होता. दोघं आठवीपासूनचे वर्गमित्र. निकाल लागला आणि महापालिकेत दोन्ही पक्ष पुन्हा मांडीला मांडी लावून बसले. जानेवारी २०१८ मध्ये सेनेने यापुढे स्वबळावर लढण्याचा ठराव केला, फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा युती झाली, आणि हे दोघं वर्गमित्र एकाच प्रचाराच्या रिक्षात बसून फिरले. ना भांडताना कोणी त्यांना विचारलं, ना समेट करताना. बैठका वर झाल्या, निरोप खाली आला. सतरंज्या उचलणाऱ्याला एवढा तरी मान हवा की आपण कोणत्या गोष्टीसाठी शेजाऱ्याशी वैर घेतो हे त्याला ठाऊक असावं.

सेनेची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. १९९० मध्ये सेनेचे ५२ आमदार आणि भाजपचे ४२. १९९५ मध्ये ७३ आणि ६५. २००९ मध्ये भाजप ४६ वर आणि सेना ४४ वर. २०१४ मध्ये वेगळे लढले तेव्हा भाजप १२२ आणि सेना ६३. ज्याला बोट धरून महाराष्ट्रात आणलं तो पाव शतकात सेनेच्या जवळजवळ दुप्पट झाला, आणि दोघांचा मतदार जवळजवळ एकच. बव्हेरियात ही भीती नाही, कारण थोरला भाऊ अंगणात येतच नाही. १९७६ मध्ये सीएसयूने संसदेतला एकत्र गट मोडायचा ठराव केला होता. सीडीयूने मग आम्हीही बव्हेरियात शाखा उघडतो असं बजावलं आणि काही आठवड्यांत सीएसयूने माघार घेतली. तिथली शांतता या न बोललेल्या हद्दीवर उभी आहे. आपल्याकडे अशी हद्द नाही. एका वॉर्डात दोन मित्रपक्षांचे दोन इच्छुक असतात, आणि ज्याला तिकीट मिळत नाही त्याला पलीकडचं दार उघडं असतं.

गोव्यात मगोचं, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, काय झालं ते आठवा. भाऊसाहेब बांदोडकरांचा हा पक्ष १९६३ मध्ये गोव्याचं पहिलं सरकार चालवू लागला. २०१७ मध्ये त्याचे तीन आमदार उरले होते आणि ते भाजप सरकारला पाठिंबा देत होते. मार्च २०१९ मध्ये, मध्यरात्री, त्यांतले दोघे भाजपमध्ये विलीन झाले. तिघांतले दोघे म्हणजे दोनतृतीयांश, म्हणून पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाखाली ते बचावले. उरलेले सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री होते. त्यांचं पद गेलं. संख्या जितकी लहान, तितकं गिळायला सोपं. त्यामुळे शिंदे यांच्या मंत्र्यांना नोव्हेंबरात जे वाटलं ते समजण्यासारखं आहे. माणसं पळवली जात असताना छोट्या पक्षाने तोंड बंद ठेवावं, असं मी म्हणणार नाही.

पण त्या भांडणातून काय निघालं? एकमेकांचे पदाधिकारी फोडायचे नाहीत असं ठरलं. त्याआधी २०२५ च्या सुरुवातीला वाद झाला तोही नाशिक आणि रायगडच्या पालकमंत्रिपदांवरून, नेमणुका जाहीर होऊन थांबवाव्या लागल्या. उलट नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीआधी महायुतीने कोल्हापुरात दहा वचनं दिली होती, त्यांत लाडक्या बहिणींचे १५०० रुपये २१०० करण्याचं वचन होतं. त्यासाठी कोणा मंत्र्याने बैठक सोडल्याचं मला आठवत नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला, माणसं मेली; आमच्या घरातल्या खिडक्यांच्या काचाही थरथरल्या. धोकादायक कारखाने वस्तीपासून दूर नेण्याची मागणी त्या दोन्ही स्फोटांमधल्या आठ वर्षांत होतच होती. एवढ्या काळात सत्तेतल्या एका पक्षाने दुसऱ्याला यावरून कोंडीत पकडलं असतं, तर माझ्या माहेरच्या ग्रुपवर एकानेही नाक मुरडलं नसतं.

आपल्याकडे हे होतच नाही असं नाही. २०१९ मध्ये महाविकास आघाडीने किमान समान कार्यक्रम जाहीर केला होता, चार-पाच पानांचा का होईना. डिसेंबर २०२० मध्ये सोनिया गांधी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं आणि त्याच कार्यक्रमाचा दाखला देऊन दलित-आदिवासींसाठीच्या तरतुदींची आठवण करून दिली. काँग्रेस आघाडीतला सगळ्यात लहान पक्ष होता, ४४ आमदारांचा. पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं, म्हणजे भांडण जाहीरच होतं. पण हातात कागद होता, आणि वाचणाऱ्याला प्रश्न काय आहे ते कळत होतं.

महायुतीने आपली दहा वचनं अशाच एका कागदावर आणावीत: कोणतं काम कोणाचं खातं करणार, कधीपर्यंत, पैसा कुठून येणार. तो कागद शाखाशाखांत आणि भाजपच्या मंडल कार्यालयांत लावावा. तो पाळला गेला नाही म्हणून उद्या सेनेचे किंवा राष्ट्रवादीचे मंत्री भांडले, तर दादा आणि त्याचा वर्गमित्र पुन्हा एकमेकांच्या विरोधात उभे राहतील कदाचित. पण तेव्हा का, हे दोघांनाही सांगता येईल.