प्लॉट त्यांचा, परड आमच्या दारात

पाऊस जरा जोर धरतो आणि आमच्या गावातल्या नव्या ले-आऊटमध्ये रस्त्याच्या कडा दिसेनाशा होतात. दोन घरं, मग चार रिकामे प्लॉट, मग एक घर, पुन्हा रिकामे प्लॉट. त्यांत कमरेएवढं गाजरगवत, त्याच्या मागे रायमुनिया, नालीच्या काठानं बेशरम, आणि कोपऱ्यात कुणीतरी रातोरात आणून टाकलेला मलबा. शाळेतली पोरं रस्त्याच्या मधून चालतात, कारण कडेनं चालायची त्यांच्या आयांना भीती वाटते. यावर माझं मागणं सरळ आहे. प्लॉटमालकांना नोटीस द्या, मुदतीत सफाई झाली नाही तर नगरपंचायतीनं ती करून घ्यावी आणि आलेला खर्च त्या मालकाच्या घरटॅक्समध्ये लावावा. सगळ्यांना सारखं, दरवर्षी, पोळ्याच्या आधी.

काही जणांना वाटतं, गवतच तर आहे, दिवाळीनंतर वाळून जाईल. त्यांना मी 2018 चा पावसाळा आठवायला सांगतो. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपुरात आणि विदर्भाच्या बऱ्याच भागांत स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले, माणसं दगावली. हा आजार डासांनी होत नाही. झुडपात आणि उंच गवतात राहणाऱ्या माइटच्या, म्हणजे गोचिडासारख्या पण अगदी बारीक जिवाच्या, पिल्लांनी चावा घेतला की होतो, आणि ही माइट उंदरांच्या अंगावर पोसली जाते. म्हणजे गवत, उंदीर आणि माणूस जिथे जवळजवळ राहतात तिथे तो येतो. आमच्या ले-आऊटची रचनाच तशी आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला असाच ताप आला. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, सगळ्या तपासण्या झाल्या, ताप उतरेना. शेवटी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी काखेतली काळी खपली पाहिली आणि निदान झालं. वेळेवर कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त गोळीनं हा आजार बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी, मेंदू, काहीही सुटत नाही. ती मुलगी वाचली. तिच्या घराला लागून असलेला प्लॉट आजही तसाच उभा आहे, आणि हे मला सहन होत नाही.

सापांचं तर विचारूच नका. उंदीर-बेडकांच्या मागे साप येणारच, त्यात त्याचा दोष नाही. पण आमच्याकडे परड निघते, तिला पुस्तकात घोणस म्हणतात. मण्यार निघतो, आणि मण्यार बहुतेक रात्रीचा, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक असतो की कधी कधी सकाळी पोट दुखायला लागेपर्यंत कळत नाही. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, "रातच्यानं मोरीत जायाचं म्हटलं तरी बॅटरी घ्या लागते बाप्पा, आपल्याच घरात." केंद्र सरकारनं 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा काढला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायला राज्यांना सांगितलं. चांगलंच आहे. पण गावपातळीवर पहिलं काम घराशेजारची झुडपं आणि मलबा हटवायचं आहे, आणि ते दवाखान्याच्या हातात नाही.

आता कायदा. "खाजगी जागेत आम्ही काय करणार?" हे उत्तर मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलं आहे की शेवटी कायदाच वाचायला घेतला. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत आणि औद्योगिक नगरी अधिनियम 1965 चं कलम 49 हे नगरपरिषदेच्या कर्तव्यांचं आहे. त्यात अपायकारक झाडोरा काढणं आणि सार्वजनिक उपद्रव दूर करणं ही बंधनकारक कामं म्हणून आली आहेत, मर्जीची नव्हेत. ज्या गावांत अजून ग्रामपंचायत आहे तिथेही हेच. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत उकिरडे, माजलेलं रान आणि फड्या निवडुंग काढणं, पडीक विहिरी बुजवणं ही कामं पंचायतीकडे दिलेली आहेत. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना खेड्यातला निवडुंग दिसत होता, आणि आज ऑफिसच्या खिडकीतून समोरचं गाजरगवत दिसत नाही?

याच्याही वरचा दरवाजा आहे. गवत-झुडूप सार्वजनिक रस्त्यावर, नालीवर येऊन लोकांना उपद्रव होत असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं, जुलै 2024 पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 झालं आहे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांनी याच 133 खाली नगरपालिकेला उघड्या नाल्या आणि घाणीबद्दल खेचलं होतं. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, म्हणाली आमच्याकडे पैसा नाही. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं ते साफ फेटाळलं. पैसा नाही म्हणून नगरपालिकेला आपलं कर्तव्य टाळता येत नाही. पंचेचाळीस वर्षं होत आली त्या निकालाला, आणि आमच्याकडे पहिलं उत्तर अजूनही "फंड नाही" हेच मिळतं.

आमचं गाव तालुक्याचं. 2014-15 च्या सुमारास राज्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्यात आमचीही झाली. फलक बदलला, मुख्याधिकारी आले, टॅक्स वाढला. शेतं पाडून ले-आऊट झाले आणि प्लॉट घेणारे निम्मे लोक नागपूर, पुणे, काही तर हैदराबादला. भाव वाढेपर्यंत प्लॉट ठेवायचा, एवढाच त्यांचा गावाशी संबंध. घेऊ देत, त्यांचा हक्क आहे. माझ्या शेजारच्या प्लॉटचे मालक फोनवर म्हणाले, "प्लॉट माह्या नावावर हाय, पण गवत काय म्या पेरलं का?" नाही पेरलं, मान्य. पण वावरात निंदण केलं नाही तर शेजारचा शेतकरी बांधावर येऊन भांडतो, कारण बी त्याच्या वावरात उडतं. गावात आपण तेच गप्प बसून सोसतो, कारण मालक समोर नसतो.

आणि बी उडतंच. गाजरगवताच्या एका झाडाला हजारोंनी बिया धरतात. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे तण आज देशभर पसरलं आहे. त्याच्या स्पर्शानं अंगाला खाज सुटते, परागानं दमा चाळवतो. म्हणून वेळ महत्त्वाची. फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटलं तर त्याचं खत होतं. फुलल्यावर उपटलं तर आपणच बी पेरत चालतो. जबलपूरची तण संशोधन संस्था दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह घेते. आमच्याकडे त्याचा फोटो निघतो, चार झाडं हातात धरून. जून-जुलैत एक फेरी आणि पोळ्याच्या आधी दुसरी, असं झालं तर फोटोची गरज उरणार नाही.

सफाई कशी करायची यावरही माझं ठाम मत आहे. तणनाशक मारू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर मेले, ते आपण इतक्या लवकर विसरायचं? वस्तीत, विहिरीजवळ, पोरं खेळतात तिथे कुणी टाकी पाठीला लावून फिरू नये. जेसीबीही नको. जेसीबी वरची माती ओढून खड्डे करतो, खड्ड्यात पाणी साचतं आणि गवताऐवजी डास होतात. मार्च-एप्रिलमध्ये काडी लावून मोकळं व्हायची सवय तर सगळ्यात वाईट, शेजारी पऱ्हाटीचे आणि गोवऱ्यांचे ढीग असतात. विळा, फावडं आणि माणसं लागतात या कामाला. बचत गटाच्या बायांना ते रीतसर मजुरीवर द्यावं, आणि मजुरी मालकाकडून वसूल व्हावी.

हिरवं दिसलं की कापा, असंही मी म्हणत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या तरोट्याची भाजी आपण आवडीनं खातो, आणि दाट तरोटा गाजरगवताला दाबतो हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. कुणाच्या आवारात कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता, वेलीवरची दोडकी असतील तर त्याला कुणी हात लावू नये. तक्रार आहे ती जिथे कुणी राहत नाही, पाहत नाही आणि जिथून शेजाऱ्याला त्रास होतो त्या जागेची.

एक भीती मला खरी वाटते. असा नियम लागू झाला तर पहिली नोटीस कुणाला जाईल? विरोधी पॅनलवाल्याला, किंवा एखाद्या म्हाताऱ्या विधवेला, जिचं आवार मोठं आहे आणि पोरगा कामाला बाहेरगावी आहे. हे होऊ द्यायचं नसेल तर यादी उघड हवी. वॉर्डनिहाय, प्लॉट नंबरसह, नगरपंचायतीच्या फलकावर. ज्याच्याकडे खरंच पैसा नाही आणि जो त्याच जागेत राहतो, त्याचं काम नगरपंचायतीनं आपल्या खर्चानं करावं. पण ज्याचा प्लॉट लाखोंचा आहे त्याला वर्षातून दोनदा निंदणाची मजुरी जड जात असेल, हे मला कुणी सांगू नये.

आणि त्या यादीत पहिलं नाव नगरपंचायतीचंच असलं पाहिजे. मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, म्हणजे पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला. आमच्या ले-आऊटची ओपन स्पेस गावातल्या कुठल्याही खाजगी प्लॉटपेक्षा जास्त माजली आहे. तिथे विलायती बाभळी उभ्या राहिल्या आहेत. स्वतःची जागा साफ नसताना लोकांना नोटीस दिली तर लोक ती फाडून फेकतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

माहितीच्या अधिकारात मी विचारलं होतं की मागच्या तीन वर्षांत अशा जागांसाठी किती नोटिसा दिल्या आणि किती खर्च वसूल झाला. उत्तर आलं, निरंक. मला ते उत्तर उपयोगाचं वाटतं, कारण आता ते कागदावर आहे, सही-शिक्क्यासह, आणि पुढच्या अर्जाला जोडता येतं.

म्हणून शेजारच्या मालकाशी फोनवर भांडण्यात शक्ती घालवू नका. तोंडी तक्रारही करू नका, तिचा मागमूस राहत नाही. ले-आऊटच्या नकाशावरून प्लॉट नंबर काढा, तारखेसह फोटो घ्या, अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. दाद लागली नाही तर आपले सरकार पोर्टल आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, आणि शेवटी 152 खालचा अर्ज आहेच.

आमच्या वॉर्डाचा सामूहिक अर्ज मी लिहून ठेवला आहे. रविवारी सकाळी हनुमान मंदिरात सह्या घेऊ, सोमवारी तो आवक करायचा. ज्यांच्या घराला लागून असा प्लॉट आहे त्यांनी प्लॉट नंबर आणि फोटो घेऊन या. बाहेरगावी राहणारे प्लॉटमालक ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी मला मेसेज करावा, बचत गटाशी बोलणं करून देतो, मजुरी थेट त्यांच्या खात्यात टाका. गाजरगवताला अजून फुलं आलेली नाहीत, तेवढे थोडे दिवस हातात आहेत.