बागेचा आराखडा बदलताना नागरिकांनी पाळावयाची पथ्ये

परवा आमच्या भागातल्या बागेचं भूमिपूजन झालं. तिसरं. पहिल्यांदा नारळ फुटला तेव्हा ती बाग होती, दुसऱ्यांदा ‘थीम पार्क’ झाली आणि परवाच्या मांडवावर ‘उद्यान व बहुउद्देशीय वाहनतळ’ असं लिहिलं होतं. नारळ फोडणारे दर वेळी वेगळ्या पक्षाचे. गुरुजी मात्र तेच, त्यांना आता ती जागा पाठ झालीय.

डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्यात. रोज अर्धा तास चाला आणि चिडचिड करू नका. चालायला जागा उरलेली नाही, तेव्हा निदान दुसरं तरी पाळावं म्हणते. ज्यांच्या भागात अजून एखादी बाग मंजूर व्हायची आहे, अशा भाग्यवंतांसाठी ही पथ्यं लिहून ठेवतेय.

पहिलं पथ्य म्हणजे मागणी मोघम करा. नागरिकांनी आपल्या भागातली कामं स्वतः सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात धरायची, ही पद्धत पुण्याने २००६-०७ पासून सुरू केली. एका कामाला ५ लाखांची मर्यादा. त्यांचं पाहून आमच्या महापालिकेनेही फॉर्म छापले. आम्हाला वाटलं, विचारलंय तर नीट सांगावं. म्हणून मातीची पायवाट, पाठ टेकता येईल अशी बाकडी, कडुलिंब आणि करंजाची रोपं, एक नळ आणि कोपऱ्यात बायकांसाठी स्वच्छतागृह, असं सगळं लिहून दिलं. स्वच्छतागृह अशासाठी, की शेजारच्या रस्त्यावर पहाटेपासून भाजी घेऊन बसणाऱ्या बायका आहेत आणि त्यांना दुपारपर्यंत पाणी न पिता बसावं लागतं. एवढं नेमकं लिहायचं नसतं. ‘सुशोभीकरण करावे’ असं लिहावं. सुशोभीकरणात काहीही बसतं. परवा तर वाहनतळसुद्धा बसला.

काम अंदाजपत्रकात छापून आलं तर पेढे वाटू नका. आम्ही वाटले. मागच्या खंडात, बारीक टायपात, गल्लीचं नाव चुकवून का होईना, पण छापलं होतं हो! आता छापलेलं काही पुसता येतं का?

पुसत नाहीत. त्याचं वर्गीकरण करतात. ज्यांना वर्गीकरण माहीत नाही त्यांनी फेब्रुवारी-मार्चात स्थायी समितीची कार्यपत्रिका बघावी. एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवायचे प्रस्ताव ढिगाने येतात. बागेचे पैसे ड्रेनेजला, ड्रेनेजचे काँक्रीटीकरणाला आणि काँक्रीटीकरणाचे चौकातल्या कमानीला. बरेचसे ऐनवेळचे विषय, म्हणजे आधी कुणी वाचायचा प्रश्न नाही, आणि ३१ मार्चला तरतूद लॅप्स होईल म्हणून घाई. आमची पायवाट कोणत्या कमानीत गेली ते मला अजून कळलेलं नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून विचारलं, तर उद्यान विभागाने अर्ज लेखा विभागाकडे पाठवला आणि लेखा विभागाने, ‘सदर माहिती उद्यान विभागाशी संबंधित आहे’ असं कळवलं. दोघांच्या मध्ये एक जिना आहे.

२०२२च्या मार्चमध्ये पुण्या-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली, मागोमाग इतरही कित्येकांची, आणि मग वर्षानुवर्षं सभागृहंच रिकामी होती. त्या काळात प्रस्ताव ठेवणारे प्रशासक आणि मंजूर करणारेही प्रशासक. इतकं एकमत लोकशाहीत क्वचित दिसतं. २०२६च्या जानेवारीत निवडणुका होऊन नगरसेवक परत आले. वर्गीकरणं कुठे गेलीच नव्हती.

ओपन जिमला नाही म्हणू नका. ती येतेच.

फायबरच्या जिराफाला नावं ठेवू नका, आता त्या बागेत सावली तेवढ्याचीच पडते.

संगीत कारंजं सुरू झालं की त्याच आठवड्यात बघून घ्या.

यापुढचं पथ्य महत्त्वाचं आहे. कायदा वाचू नका. मी वाचला आणि झोप गेली. जागेचं आरक्षणच बदलायचं असेल, म्हणजे विकास आराखड्यात जिथे उद्यान आहे तिथे दुसरं काही दाखवायचं असेल, तर १९६६च्या नगररचना कायद्यातलं कलम ३७ आहे. राजपत्रात सूचना काढायची, एक महिना हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि मग शासनाची मंजुरी. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये, ही अटही त्यात आहे. वाचताना किती बरं वाटतं! पण हे झालं आरक्षणाचं. आरक्षण तसंच ठेवून बागेच्या आत काय करायचं, पायवाट काढून पेव्हर ब्लॉक बसवायचे की बाकडी काढून सेल्फी पॉइंट करायचा, यासाठी तुम्हाला-मला कुणी काही विचारायची सक्ती नाही. एक फाइल, एक सल्लागार आणि एक संगणकावर काढलेलं गोड चित्र. त्या चित्रात एक गोरी बाई कुत्रा घेऊन फिरत असते. आमच्या बागेत कुत्र्यांना बंदी आहे.

आमची पायवाट अशीच आतल्या आत गेली. झाडांची रोपं लावली होती, त्यांच्या मुळाशी ब्लॉक आले. पावसाळ्यात त्या ब्लॉकवर शेवाळ धरतं आणि ज्येष्ठ नागरिक संघातले एक आजोबा त्यावरून पडून कंबर धरून बसले. पण काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे.

वाहनतळासाठी मात्र आरक्षणच बदलायला निघाले, म्हणजे हरकतींची पाळी आली. हरकत घ्यायची असेल तर जरूर घ्या, फक्त ती पोचेल अशी आशा ठेवू नका. राजपत्र तर तुम्ही रोज सकाळी चहाबरोबर वाचतच असाल. नसाल तर वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा बघा. ‘नावात बदल’ आणि ‘मूळ खरेदीखत गहाळ’ यांच्या मध्ये, भिंगाखाली धरलं की हवी ती दिसते. सर्व्हे नंबर असतो, हिस्सा नंबर असतो, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. ‘तुमची बाग’ असं कुठेही नसतं. नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध. कार्यालयीन वेळेत गेलं तर साहेब साइटवर. साइटवर गेलं तर साहेब मीटिंगला. अखेर एका भल्या शिपायाने लोखंडी कपाटाच्या मागून नकाशा ओढून काढला, तर त्याची झेरॉक्स काळी-पांढरी. खाली सूची छापलेली, हिरवा म्हणजे उद्यान, जांभळा म्हणजे वाहनतळ. दोन्ही करडे! मी विचारलं, यातलं उद्यान कुठलं? तो म्हणाला, “ताई, रंगीत साहेबांच्या केबिनमध्ये आहे, आणि केबिनला कुलूप आहे.”

मग सुनावणी. कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. नोकरी करणाऱ्यांनी रजा काढावी आणि घर सांभाळणाऱ्यांनी डाळ कुकरमध्ये तशीच ठेवून यावं. अकराची सुनावणी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर सुरू झाली. बाहेर बाकांवर पन्नास-साठ माणसं, पंखा एक. माझं नाव पुकारलं. समोर बसलेल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, “मुद्दा लेखी दिलाय का?”

“हो, दिलाय.”

“मग बोलायचं काय आहे?”

“लेखी दिलंय ते वाचलंत का?”

“बघू की. पुढचे.”

झाली सुनावणी! नंतर अहवालात एका ओळीत आमच्या सगळ्यांच्या हरकती बसल्या: ‘हरकतदारांचे म्हणणे विचारात घेतले, बदल करण्याची आवश्यकता वाटत नाही.’ वाटायला आधी ऐकावं लागतं, साहेब. आणि गंमत बघा, शासनाची मंजुरी अजून यायचीच आहे. ती फाइल मंत्रालयात आहे आणि इकडे भूमिपूजन उरकलं. नारळाला मंजुरी लागत नाही.

लोक हरकत घेत नाहीत म्हणून आम्ही त्यांची संमती गृहीत धरतो, हे कुणी साहेबांनी ऐकवू नये. २०१३च्या पुण्याच्या विकास आराखड्यावर ८० हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. महापालिकेला तो वेळेत निस्तरता आला नाही आणि २०१५ मध्ये शासनाने तो आपल्याकडे घेतला. त्याच वर्षी मुंबईचा नवा मसुदा इतका वादग्रस्त ठरला की मुख्यमंत्र्यांना तो नव्याने तपासून करायला सांगावं लागलं. वांद्र्याला पटवर्धन उद्यानाच्या खाली पार्किंग करायचं ठरलं तेव्हा तिथले रहिवासी उभे राहिलेच की! लोक येतात. रजा काढून, गुडघे धरत, झेरॉक्सचे पैसे खिशातून घालून येतात. तुम्हीच केबिनला कुलूप लावून बसता.

बरं, चिडचिड नको. पुढचं पथ्य.

आरक्षित जागा महापालिकेने अजून ताब्यात घेतली नसेल, तर शांत बसा. त्याच कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, की मालक नोटीस देतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. मालकाचंही खरं आहे, त्याने किती वर्षं अडकून राहायचं? पण नोटीस आल्यावर ती फाइल किती नेमकेपणाने त्या टेबलावरच्या बाकी फाइलींखाली जाते, आणि चोवीस महिने उलटल्यावर किती चपळाईने वर येते, याचा अभ्यास व्हायला हवा. तोवर फाइल खाली ठेवणारा कर्मचारी बढती मिळून दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. तिकडे शहराला बागांसाठी कर्जरोखे काढायचे तर मतदारांना विचारावं लागतं आणि दोन-तृतीयांश मतं पडली तरच ते काढता येतात. पैसे कशासाठी ते मतदानाच्या वेळीच सांगितलेलं असतं. तिकडेही रड आहेच. खर्च वाढला म्हणून तिच्या बागेतली मुलांची पाण्यात खेळायची जागा वगळायला निघाले, आणि ती फोनवर तणतणत होती. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणे बैठक रात्री फार लांबली आणि मला फक्त तीन मिनिटं बोलू दिलं. मी दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला.

आणखी एक. झाड तोडायची नोटीस झाडाला लावलेली असते. पाऊस पडायच्या आत वाचा.

सोसायटीच्या ग्रुपवर बागेविषयी लिहायचं असेल तर रात्री लिहा. ‘अगदी खरं’, हात जोडलेले, टाळ्या, मुठी, सगळं येतं. सकाळी सह्यांचा कागद घेऊन दारात गेलं की, “आमचे हे घरी नाहीत, नंतर या.” त्यातल्याच एकांनी परवाच्या कार्यक्रमात शाल स्वीकारली, आणि मला हळूच म्हणाले, “वहिनी, तसं पार्किंगचं झालं ते बरंच झालं.” त्यांच्या तीन गाड्या आहेत. दोन रस्त्यावर असतात.

आता पथ्यं पुरे.

आराखडा बदलू नका असं कुणीही म्हणत नाहीये. खाली जुनी जलवाहिनी निघाली, पैसे कमी पडले, भागात खरंच गाड्या लावायला जागा नाही, ही कारणं असू शकतात आणि माणसांना ती कळतात. पण सांगा ना! तुम्ही आमच्याकडून एक फॉर्म भरून घेतलात, त्यावर आमच्या नावाने तरतूद केलीत आणि ती दुसरीकडे वळवताना त्याच माणसांना चार ओळींचं पत्र पाठवायला तुम्हाला लाज वाटली. फॉर्मवर आमचे फोन नंबर होते. दिवाळीच्या शुभेच्छा त्याच नंबरांवर येतात, तेव्हा कसे सापडतात? आधीचा आणि नवा, दोन्ही नकाशे रंगीत काढून बागेच्या फाटकावर शेजारी शेजारी लावायला किती खर्च येतो? परवाच्या मांडवाच्या झालरीत झालं असतं. सुनावणी संध्याकाळी सातला त्याच बागेत, उभ्याउभ्या घेता येते. मिळकतकर भरायला एक दिवस उशीर झाला की दंडाचा मेसेज येतो, मग आमच्या पैशांचं काय केलंत ते सांगायला राजपत्र कशाला हवं?

आणि ते स्वच्छतागृह. तीन आराखडे झाले, तिन्ही वेळा ‘पुढील टप्प्यात प्रस्तावित’. कारंज्यासाठी बोअर मारलीत, दिव्यांच्या फुलपाखरांना वीज दिलीत, आता गाड्यांसाठी मजले चढवणार आहात. त्या बायका अजून पाणी न पिता भाजी विकतात. तुमच्यापैकी एकाने तरी कधी त्यांना विचारलंय? वाहनतळाचा पहिला खांब उभा करायच्या आधी ते बांधा. दार आतून लागेल आणि नळाला पाणी येईल, असं बांधा.