एक आण्याचे ऊन

खाऱ्या पाण्यातील प्रवाळे घरी सांभाळणाऱ्या माणसाचे पैसे माशांवर फारसे जात नाहीत, ते दिव्यांवर जातात. प्रवाळ हा प्राणी असला, तरी त्याच्या पेशींमध्ये राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशात अन्न तयार करते आणि काही जातींच्या बाबतीत तर ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंतची गरज त्यातूनच भागते. त्यामुळे बंद खोलीत प्रवाळ ठेवायचे, तर त्यावर रोज आठ-दहा तास खास एलईडी दिवे लावून ठेवावे लागतात. त्या दिव्यांच्या किमती घरात खऱ्या सांगण्याची पद्धत नाही. अशा स्थितीत, ज्या शहरात पावसाळा वगळता ऊन फुकट आणि नको इतके मिळते, त्या शहरातील माणसाच्या मनात आपल्या गच्चीकडे पाहून जो विचार येईल, तोच माझ्या मनात आला.

घरात कोणताही ठराव मांडायचा, तर त्यामागे दाखले असावे लागतात, आणि ते माझ्याकडे होते. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहून ठेवले आहे, की जिवंत दगड (म्हणजे जीवजंतूंची वस्ती असलेले समुद्रातले दगड), हवेचे बुडबुडे आणि खिडकीतून येणारे ऊन एवढ्यावर प्रवाळे जगतात. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये खुल्या झालेल्या मत्स्यालयात तर २५ लाख लिटरची प्रवाळाची टाकी उघड्या आकाशाखाली होती. शिवाय नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे आणि टाउन्सव्हिल दक्षिणेला १९ अंशांवर. म्हणजे त्यांचा सूर्य आणि आपला सूर्य जवळजवळ सारख्याच उंचीने फिरतात, हे मी नकाशा पुढे ठेवून समजावून सांगितले. आईने नकाशा नीट पाहिला.

“त्यांच्या शेजारी समुद्र आहे ना रे?”

“आहे.”

“आणि आपल्या शेजारी?”

आपल्या शेजारी गोदावरी आहे, आणि मुंबईचा समुद्र कसारा घाट उतरून सुमारे १७० किलोमीटरवर आहे, हे मला मान्य करावे लागले. परंतु भूगोलाची अडचण पुढे करून कोणताही नाशिककर थांबल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तसे असते तर या कोरड्या पठारावर द्राक्षे पिकली नसती.

कायद्याची बाजू मी आधीच पाहून ठेवली होती. दगडी सांगाडा बांधणारी सर्व प्रवाळे, समुद्री पंखे आणि काळी प्रवाळे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांचे संरक्षण वाघाच्या पंक्तीचे आहे. समुद्री घोडासुद्धा त्याच वर्षी त्या यादीत आला. निफाडच्या मामेभावाने पहिल्याच दिवशी मुलांसाठी घोड्यांची एक जोडी मागितली, तेव्हा त्याला मी शिक्षेची कलमे ऐकवली. उरतात ती मऊ प्रवाळे: कातड्यासारख्या मांसल छत्रीचे सार्कोफायटन, बटणासारखी झोअँथिड, तळाशी पसरणारी मशरूम आणि सतत मुठी उघडझाप करणारी झेनिया. दगडही प्रवाळाचे आणायचे नाहीत, भट्टीत भाजलेले सच्छिद्र आणायचे, असे ठरले.

चारशे लिटरची फायबरची टाकी गच्चीवर दक्षिणेच्या कठड्यालगत, नेमकी तुळईच्या वर ठेवली. काच मुद्दामच टाळली, कारण उघड्यावरच्या काचेच्या टाकीत ऊन चारही बाजूंनी शिरते आणि प्रवाळापेक्षा शेवाळाचे उत्पन्न जास्त येते. अपारदर्शक टाकीत मात्र वरून डोकावूनच पाहावे लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चारशे लिटरला चौदा किलो. हे मीठ स्वयंपाकघरातले चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर घटक ठरलेल्या प्रमाणात असावे लागतात, आणि ते बादलीबंद मिळते.

“चौदा किलो मिठात आपल्या घरचं आणि तुझ्या दोन्ही बहिणींकडचं लोणचं झालं असतं,” असे आई म्हणाली आणि तिने बादलीवरची किंमत वाचली. त्यानंतर तिने लोणच्याचा विषय काढला नाही.

मीठ विरघळले म्हणजे समुद्र झाला असे होत नाही. दगडांच्या छिद्रांत जिवाणूंची वस्ती होऊन ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करू लागेपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि तोवर टाकीत मासा सोडता येत नाही. या काळात आलेल्या पाहुण्यांना आम्ही गच्चीवर नेऊन पाणी दाखवले. आपल्याकडची माणसे मोठी सभ्य असतात. “छान स्वच्छ आहे” असे प्रत्येकाने म्हटले.

खरा प्रश्न उन्हाचा होता, आणि तो कमतरतेचा नव्हता. मे महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास नाशिकच्या बरोबर डोक्यावर सूर्य येतो आणि उभ्या खांबाची सावली माध्यान्ही नाहीशी होते. त्या वेळच्या उन्हाची तीव्रता, प्रवाळवाले ज्या एककात मोजतात त्यात, दोन हजारांच्या घरात असते. मऊ प्रवाळांना पन्नास ते दीडशे पुरते. त्याहून फार अधिक मिळाले, तर त्यांच्या आतले शैवाल बिथरते आणि प्रवाळ त्याला बाहेर काढून स्वतः पांढरेफटक पडते. तेव्हा ज्या उन्हासाठी एवढा घाट घातला, ते अडवण्याचे साहित्य घेण्यासाठी मी पंचवटीतील एका शेती साहित्याच्या दुकानात गेलो.

“शेडनेट पाहिजे होती.”

“द्राक्ष की डाळिंब?”

“प्रवाळ.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. “सोनाका झाली, माणिक चमन झाली, शरद झाली. ही कधी आली बाजारात?”

मी थोडक्यात खुलासा केला. त्याने तो संपूर्ण ऐकून घेतला आणि, खऱ्या व्यापाऱ्याला शोभेल असा, एकच प्रश्न विचारला: “किती टक्के?” पंचाहत्तर टक्के ऊन अडवणाऱ्या जाळीचे दोन पदर घेतले. पहिल्या पदरातून सोळा आण्यांपैकी चार आणे ऊन खाली उतरते, दुसऱ्यातून त्या चार आण्यांतला एक आणा. दोन हजाराचे सव्वाशे होतात आणि हिशेब चोख बसतो. सूर्यप्रकाशावर चालणारी टाकी म्हणजे पंधरा आणे सूर्य परत पाठवण्याची यंत्रणा, हे प्रवाळांच्या पुस्तकांत इतक्या स्पष्टपणे लिहिलेले नसते.

या जाळ्यांनी घरात जो प्रश्न उभा केला, तो प्रवाळांपेक्षा गंभीर होता. एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवर वाळवणे असतात, आणि कुरडईला सोळा आणेच ऊन लागते. जाळीची सावली सकाळी पश्चिमेला आणि दुपारनंतर पूर्वेला पसरते, म्हणजे दिवसभरात ती आईच्या कुरडयांच्या दोन्ही चादरींवरून एकदा फिरते. वाटाघाटींअंती असे ठरले, की चादरी जाळीपासून लांब उत्तरेच्या कठड्याशी घालायच्या आणि कबुतरे हाकलण्याचे काम, मी नाही तरी तिथेच उभा असतो म्हणून, माझ्याकडे राहील.

प्रकाश अडवला तरी उष्णता अडत नाही. प्रवाळांना पाणी २४ ते २७ अंशांत हवे असते, आणि आमच्या गच्चीवरची हवा मे महिन्यात चाळिशी गाठते. टाकीखाली थर्मोकोल घातला, स्लॅबवर चुन्याचे पांढरे हात दिले आणि पाण्याच्या पृष्ठभागावर दोन पंखे रोखले. हे माठाचेच शास्त्र आहे. चारशे लिटरच्या टाकीतून एक लिटर पाण्याची वाफ झाली, की उरलेल्या पाण्यातून सुमारे दीड अंशाची उष्णता निघून जाते. हवा कोरडी असेल तरच हे साधते, आणि या एका बाबतीत नाशिकने मुंबईवर मात केली आहे. तिथल्या दमट हवेत पंखा नुसता फिरतो. परंतु उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. ऐन उन्हाळ्यात रोज आठ-दहा लिटर पाणी वाफ होऊन गेले आणि ते भरून काढले नाही, तर समुद्र दिवसेंदिवस खारट होत जातो. भर घालायची ती आरओच्या पाण्याची, आणि एक लिटर आरओमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. गंगापूर धरणाचा साठा किती टक्क्यांवर आला, ही बातमी मी पूर्वी नागरिक म्हणून वाचत असे. आता आई ती मला मोठ्याने वाचून दाखवते. वाया जाणाऱ्या पाण्यात सध्या आमच्या घरची धुणी होतात आणि जिना रोज धुतला जातो, त्यामुळे आमचा जिना कॉलनीत सर्वांत स्वच्छ आहे.

ही भर रात्री घालावी, आणि शक्यतो चुन्याच्या निवळीच्या रूपात थेंबाथेंबाने घालावी, असे जाणकार सांगतात. कारण अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सामू (पीएच) उतरतो; चुना तो सावरतो. “चुना पानाचा की भिंतीचा?” असे आईने विचारले. प्रयोगशाळेतला, असे मी सांगितल्यावर तिने डबीतला आपला चुना लुगड्याच्या ओच्यात लपवला.

वीज जाते तेव्हा घरातील मानापमानाचा क्रम उघड होतो. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि पाणी खेळते नसेल, तर मासे तासाभरात वर येऊन तोंडे वासू लागतात. म्हणून इन्व्हर्टरवर सर्वप्रथम हवेचा पंप, मग टाकीवरचे पंखे आणि मग माणसे, अशी जोडणी मी केली आहे. भर दुपारी वीज गेली, की बैठकीच्या खोलीत पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली मंडळी एकमेकांना सांगतात, की वर गच्चीवर दोन पंखे चालू आहेत.

निफाडचा मामेभाऊ एकदा हंगामात आला आणि माझ्या हातातले रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबात काय किती विरघळले आहे ते दाखवणारी नळी, पाहून पहिल्यांदाच त्याला माझ्याविषयी आदर वाटला. बागाईतदाराच्या खिशात ते असतेच. त्याने सवयीने टाकीतल्या पाण्याचा थेंब काचेवर टाकला, वरची पट्टी मिटवली, एक डोळा बारीक करून नळी आकाशाकडे धरली आणि निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा कुठे आहे ते शोधले.

“किती आहे साखर?”

“साखर नाही, मीठ. पस्तीस आहे.”

“आमच्याकडे अठराला तोडणी होते. तू पस्तीसपर्यंत थांबलास कशाला?”

पाऊस आला की सगळे नियम उलटे फिरतात. आता भीती पाणी आटण्याची नाही, वाढण्याची. उघड्या टाकीत एक जोराची सर पडली, तर समुद्राचे हळूहळू तळे होऊ लागते, म्हणून वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे छप्पर येते आणि दोन्ही जाळ्या खाली उतरतात. जुलैच्या उत्तरार्धात सूर्य पुन्हा एकदा बरोबर डोक्यावरून जातो, पण तो तसा जात असल्याबद्दल पंचांगावर विश्वास ठेवावा लागतो. सलग आठवडाभर आभाळ दाटलेले असले, की मी जाळीची घडी हातात घेऊन गच्चीवर उभा राहतो आणि ढग फाटला तर पळत जाऊन ती लावतो, कारण अंधाराला सरावलेल्या प्रवाळावर अचानक पूर्ण ऊन पडले तर ते भाजते. याच दिवसांत डेंग्यूच्या तपासणीसाठी एक मुलगा येतो. साचलेले पाणी दिसताच त्याचा हात औषधाच्या बाटलीकडे गेला आणि माझा त्याच्या हाताकडे. ते औषध डासाच्या अळीला मारते, तसेच कोळंबीलाही सोडत नाही. डेंग्यूचा डास समुद्राच्या पाण्यात अंडी घालत नाही, हे त्याला पटवण्यासाठी मी बोट बुडवून चाखायला सांगितले. त्याने चाखले, तोंड वाकडे केले आणि आपल्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहिले.

एवढे करून काय दिसते, हा प्रश्न लोक गच्चीचा जिना चढून आल्यावर धापा टाकत विचारतात. दिव्यांखालच्या टाक्यांमध्ये प्रवाळे हिरवी, नारिंगी आणि जांभळी झळाळतात, कारण निळ्या प्रकाशात त्यांची प्रतिदीप्ती उठून दिसते. उन्हात मात्र त्यांच्या आतल्या शैवालाचा मूळ रंग दिसतो, आणि तो तपकिरी असतो. सार्कोफायटन तर अधूनमधून अंग आक्रसून घेते आणि मेणचट कात टाकायला कित्येक दिवस लावते. सोयरे नेमके तेव्हाच येतात. “हे जिवंत आहे?” असे ते हलक्या आवाजात विचारतात. मग मी त्यांना झेनिया दाखवतो. नखाएवढ्या फुलाला आठ बारीक पिसे, ती सगळी एकदम मिटतात, क्षणभर थांबतात आणि पुन्हा उघडतात. या हालचालीने तिच्याभोवतीचे पाणी बदलत राहते आणि प्रकाशसंश्लेषण वाढते, हे तांबड्या समुद्रातल्या झेनियावर संशोधकांनी मोजून पाहिले आहे. दहा मिनिटे तिच्याकडे पाहून झाल्यावर एका आत्याबाईंनी, “दमत नाही का गं ती?” असे माझ्या बायकोला विचारले. बायको माझ्याकडे पाहत म्हणाली, “नाद असला की नाही दमत कुणी.”

हिवाळ्यात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि ज्या टाकीला मेमध्ये पंखे लावले, तिलाच हीटर लावावा लागतो, हे मी वीजबिल पाहणाऱ्यांसमोर फार बोलत नाही. या दिवसांत माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून ४६.५ अंशांवरच येतो, आणि इथेच सध्या आमचे घोडे अडले आहे. दक्षिणेकडचे शेजारी काका वरचा मजला बांधणार आहेत. मजला दहा फूट, त्यावर जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी धरून आणखी दहा फूट. वीस फुटांच्या उंचीची डिसेंबरमधली माध्यान्हीची सावली एकोणीस फूट पडते. दोन घरांमधली दहा फूट जागा वजा केली, तरी नऊ फूट सावली आमच्या गच्चीवर येते, आणि टाकी कठड्याला लागून आहे. मी हे सर्व आलेखाच्या कागदावर काढून त्यांच्याकडे गेलो. काकांनी चहा दिला आणि कागद उलटसुलट करून पाहिला.

“तुम्ही ऊन अडवायला दोन-दोन जाळ्या विकत आणता,” ते म्हणाले. “मी फुकट अडवून देतोय, तर तक्रार कसली?”

आकाशाच्या नुसत्या उजेडावर मऊ प्रवाळे हिवाळा काढू शकतील, हे मला मनातल्या मनात मान्य होते, त्यामुळे उबेचा मुद्दा पुढे करावा लागला. जिन्याची खोली त्यांनी थोडी पश्चिमेला सरकवावी, अशी रीतसर विनंती मी केली आहे. त्यावर, आमच्या घराच्या मंजूर नकाशात समुद्र दाखवलेला आहे का, असे त्यांनी विचारले आहे.