स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नका, आपल्या मराठीतून शिका

गेल्या आठवड्यात दोन मुलींचे मेसेज आले, एक कराडची, एक नाशिकची, दोघींना स्पेनला शिकायला यायचंय आणि दोघींचा प्रश्न एकच, ताई माझं इंग्रजी एवढं चांगलं नाही, मग स्पॅनिश कसं जमणार? वाचून पोटात तुटलं, कारण दीड वर्षापूर्वी मीही हीच भीती घेऊन बसले होते. दोघींना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सगळं लिहिते, मोठं होईल पण वाचा.

मी वाळवा तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सप्टेंबरपासून ग्रनादात आहे, दक्षिण स्पेनमध्ये, इथल्या विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठी सेंत्रो दे लेंगुआस मोदेर्नास म्हणून भाषेचं केंद्र आहे तिथे शिकते. विद्यापीठ १५३१ सालचं. शहर साधारण सातशे मीटर उंचीवर, मागे सिएरा नेवादाचे बर्फाचे डोंगर, समोर टेकडीवर अल्हाम्ब्रा, इथला जुना किल्ला-महाल. अल्हाम्ब्राचे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेच असतील, त्याबद्दल मी काही वेगळं लिहू शकणार नाही, मला भाषेबद्दल आणि माणसांबद्दल लिहायचंय.

इथे यायच्या आधी पुण्यात क्लास लावला होता. सगळं इंग्रजीतून. 'मे गुस्ता' शिकवताना फळ्यावर लिहिलं, इट इज प्लीझिंग टू मी. मी ते आधी मराठीत आणायचे, मग परत इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये, आणि तोपर्यंत शिकवणं पुढे गेलेलं असायचं. तीन आठवडे मला वाटत होतं की माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे. मग इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात, आमच्या फ्लॅटमध्ये एक इंग्लंडची मुलगी आहे, ती स्वयंपाकघरात बसून डोकं धरून सांगत होती की हे वाक्य उलटं का आहे, ऑलिव्ह मला कसे काय आवडवतात, कर्ता कुठे गेला, आणि माझ्या हातात ऑलिव्हचीच वाटी होती आणि एकदम लख्ख कळलं. मला ऑलिव्ह आवडतात. मे गुस्तान लास आसेइतुनास. मला कॉफी आवडते. मे गुस्ता एल काफे. अरे हे तर मराठीच आहे! 'मला' आहे, वस्तू एक असेल तर आवडते, अनेक असतील तर आवडतात, सगळं जागच्या जागी. मला इंग्रजीच्या घाटातून नेलं होतं म्हणून चढ लागला, सरळ रस्ता आपल्या घरावरूनच जात होता.

त्या दिवसापासून मी वहीत इंग्रजी लिहिणं बंद केलं. स्पॅनिशच्या समोर थेट मराठी. आणि मग एकेक गोष्ट सापडतच गेली. बघा, सगळे ज्या सब्जंक्टिव्हला, म्हणजे इच्छा सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या वेगळ्या रूपाला, घाबरतात ना, किएरो के वेंगास, इंग्रजीत ते आय वॉन्ट यू टू कम म्हणून सपाट होऊन जातं, आणि मराठीत काय आहे, तू यावंस असं मला वाटतं. 'यावंस'. शाळेत विध्यर्थ म्हणून शिकलो होतो आपण, बाईंनी पाठ करून घेतला होता. प्रत्येक वाक्य शंभर टक्के जुळतं असं मी म्हणत नाही, पण क्रियापदाचं रूप इच्छेमुळे बदलतं ही कल्पनाच आपल्याला परकी नाही. लिंगाचं तर बोलूच नका, टेबल बाई कशी काय असू शकते म्हणून जे रडतात त्यांना रडू दे, आपण तीन लिंगं घेऊन जन्मलो, ह्यांची दोनच आहेत. फक्त कुठला शब्द कुठल्या लिंगाचा ते पाठ करायचं. तू आणि तुम्ही आहेच, तू आणि उस्तेद. आणि उच्चार! हे मी ओरडून सांगते, त्यांचा त आपला त आहे, ट नाही. त्यांचा द आपला द. प आपला प, हवा न सोडता. आपण इंग्रजीच्या सवयीने टापास, टोर्टिया म्हणतो आणि उच्चार हातचा घालवतो. तापास म्हणा, तोर्तिया म्हणा. क्लासमध्ये मॅडमनी विचारलं की तुला हे कुणी शिकवलं, तर मी सांगितलं, माझ्या आईने, आणि ते अगदी खरं आहे.

शब्द तर आधीच घरात येऊन बसलेत. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, आणि पोर्तुगीजांनी आपल्याकडे बटाटा, पाव, चावी, पगार, मेस्त्री ठेवून दिले. इथे बटाटा पताता, पाव पान, मेस्त्री माएस्त्रो, आणि पगार हे तर क्रियापद आहे, पागार म्हणजे पैसे देणे. उलट्या दिशेनेही गेलेत, आपलं नारिंग फारसी-अरबीतून फिरत इथे येऊन नारान्खा झालं. अरबी तर इथे इतकी मुरलीय की अमका फलाना मधला फलानासुद्धा आहे, फुलानो. मला ते ऐकून इतका आनंद झाला की मी आईला फोन करून सांगितलं, आई म्हणाली बरं, जेवलीस का.

आता भाषेपेक्षा अवघड काय होतं ते सांगते. वागणं. इंग्रजी शिष्टाचार डोक्यात घेऊन आले होते, कॅफेत गेले की 'मला कृपया एक कॉफी मिळू शकेल का' असं लांबलचक वाक्य जुळवायचे, काउंटरवरचा माणूस थांबून बघत राहायचा. इथली माणसं काय म्हणतात, पोनमे उन काफे. एक कॉफी दे. बस. आवाजात गोडवा असतो, वाक्यात नसतो. आपल्याकडे टपरीवर आपण तेच करतो ना, दोन चहा द्या ओ मामा. मग मी तसंच बोलायला लागले आणि त्या माणसाचं माझ्याशी बोलणं सुरू झालं. पण ह्याच्या उलट, लिफ्टमध्ये शिरलं, दवाखान्यात बसायला गेलं की अनोळखी माणसांनाही 'बुएनास' म्हणायचंच, न बोलता शिरणारा माणूस त्यांना उद्धट वाटतो. आणि सान आगुस्तिनच्या मंडईत रांग दिसत नाही पण रांग असते. आल्यावर मोठ्याने विचारायचं, किएन एस एल उल्तिमो, शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं, त्याच्यानंतर आपण, मग खुशाल दुसऱ्या गाळ्यावर ऑलिव्ह बघत फिरा, नंबर कुणी खात नाही. मी पहिले दोन महिने नुसती उभी राहायचे आणि सगळे पुढे जायचे, वाटायचं मी परदेशी म्हणून असं करतात, रात्री खोलीत येऊन रडलेय त्यावर. कुणी काही करत नव्हतं, मी विचारतच नव्हते. हे मात्र कुठल्या ॲपमध्ये नव्हतं.

खाण्याचं एक सांगून ठेवते, शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही, त्यात हॅम आणि ट्यूना मासा येऊ शकतो कारण त्यांच्या बोलण्यातलं कार्ने वेगळं. नावं घेऊन सांगा, हामोन नको, आतुन नको. ग्रनादात बारमध्ये थंड पेय मागवलं की सोबत बहुतेक ठिकाणी तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येतो, दारूच पाहिजे असं नाही, मी मोस्तो घेते, म्हणजे द्राक्षाचा रस, त्याच्यासोबतही येतो, पण बहुतेक ठिकाणी काय येणार ते बार ठरवतो, म्हणून आधीच सांगायचं.

आणि वेळ. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला, दुपारी बरीच दुकानं बंद. पहिल्यांदा वाटतं काय आळशी लोक. नाही हो. स्पेनचं घड्याळ १९४० पासून बर्लिनच्या वेळेवर आहे आणि ग्रनादा तर लंडनच्याही पश्चिमेला, आत्ता मे महिन्यात रात्री नऊला उजेड असतो, माणूस सूर्याप्रमाणेच जेवतो, घड्याळ तेवढं पुढे आहे. जेवून झालं की कुणी उठत नाही. त्याला सोब्रेमेसा म्हणतात. मला त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही, खरकटे हात वाळून जाईपर्यंत ताटावर बसून गप्पा मारणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलेय.

हे सगळं मला शिकवलं ते आमच्या मजल्यावरच्या आजींनी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ओळख झाली गॅस सिलिंडरवरून. इथे अल्बायसिनच्या, म्हणजे आमच्या जुन्या वस्तीच्या, गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी आत येत नाही, जुन्या घरांमध्ये पाइपचा गॅस नाही, केशरी सिलिंडर येतो, साडेबारा किलोचा, माणूस खांद्यावर घेऊन चढतो. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरवर मोठी झालेली मुलगी मी, आजींचा सिलिंडर दाराशी अडकला होता, तो तळाच्या काठावर गोल फिरवत आत नेऊन लावून दिला, वायसर बघितलं, साबणाचं पाणी लावून गळती बघितली. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या बस. त्यांच्या गोल टेबलाला जमिनीपर्यंत जाड कापड असतं आणि आत पायाशी हीटर, ब्रासेरो म्हणतात, ते कापड मांडीवर ओढून घ्यायचं. अख्खी थंडी मी त्या टेबलाला बसून काढली. माझं खरं स्पॅनिश तिथलं.

पण आजी बोलायच्या ते वहीतलं नव्हतंच! ग्रनादाची माणसं शब्दाच्या शेवटचा स गिळतात. मास ओ मेनोस, म्हणजे कमीजास्त, त्याचं मा ओ मेनो. अनेकवचनाचा स सुद्धा जातो, मग शेवटचा स्वर तोंड जास्त उघडून म्हणतात आणि त्यावरून एक का अनेक ते कळतं, कान तयार व्हायला मला डिसेंबर उजाडला. बोनितो म्हणजे सुंदर, त्याचं बोनिको करतात. माझ्या तोंडात हे बसायला लागलं तशी एका ओळखीच्या मुलीने सांगितलं, असं बोलू नकोस, माद्रिदला गेलीस तर तुला अडाणी समजतील.

मी खोलीवर येऊन खूप वेळ गप्प बसले होते. कारण हे वाक्य मी पुण्यात ऐकलंय. हॉस्टेलवर 'काय करायलीस' म्हटलं की हसायचे, 'पानी' म्हटलं की दुरुस्त करायचे, दोन वर्षांत मी अशी मराठी बोलायला शिकले की घरी गेल्यावर आजी म्हणाली, पाव्हण्यासारखी बोलतीस. अंदालुसियाच्या, म्हणजे ग्रनादा ज्यात येतं त्या दक्षिण भागाच्या, लोकांचं तेच आहे, किती वर्षं सिनेमा-मालिकांमध्ये मोलकरीण किंवा हसवायला ठेवलेलं पात्र ह्यांच्या बोलीत बोलायचं, इथली माणसं अजून त्यावर चिडून बोलतात. आणि ज्या बोलीला अडाणी म्हणतात तीच तर जहाजात बसून गेली, अमेरिकेला जाणारी जहाजं सेव्हिलहून सुटायची, अंदालुसियाच्या बऱ्याच भागातले लोक माद्रिदसारखा जीभ दातात घेऊन थ सारखा आवाज काढत नाहीत आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतही कुणी काढत नाही. अडाणी कोण मग? मी ठरवलं, आजींसारखंच बोलायचं. परीक्षेत लिहिताना सगळे स लिहीन, तोंडात आजींचे ठेवीन. आणि त्याच आठवड्यापासून घरी फोनवरसुद्धा परत आपलं बोलायला लागले.

एक फेरी सांगायचीच आहे. आजींनी एकदा तळलेली वांगी दिली आणि वरून काळसर दाट काहीतरी ओतलं, मिएल दे कान्या. उसाचा मध! जिभेवर ठेवलं आणि मला आमच्या गावातलं गुऱ्हाळ दिसलं, काकवी होती ती, निव्वळ काकवी. मला माहीतच नव्हतं की स्पेनमध्ये ऊस होता. अरबांनी आणला, ह्याच ग्रनादाच्या किनाऱ्यावर मोत्रिल, सालोब्रेन्याच्या पट्ट्यात शेकडो वर्षं पिकला. मार्चमध्ये मी एकटी बसने गेले. सालोब्रेन्याजवळचा शेवटचा साखर कारखाना २००६ ला बंद पडला, चिमणी अजून उभी आहे. उसाच्या जागी आता आंबा, ॲव्होकॅडो आणि आपल्या सीताफळाच्या जातीतलं चिरिमोया. आमच्याकडे गळीत हंगामात रात्रभर भोंगे आणि ट्रॅक्टर ऐकत झोपणारी मुलगी त्या बंद चिमणीसमोर उभी राहून काय विचार करत असेल, ते मला शब्दात नाही लिहिता येत. काकवी मात्र अजून बनते, शेजारच्या मालागा प्रांतात फ्रिखिलियाना नावाच्या गावात. तिथून दोन बाटल्या आणल्या, एक आजींना, एक वडलांसाठी ठेवलीय. साखरेला इथे आसुकार म्हणतात, तोही शब्द शर्करेपासूनच निघून अरबीतून आलाय, वडलांना हे समोरासमोर सांगायचंय.

तर कराडच्या आणि नाशिकच्या ताईंनो, इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबू नका. व्हिसाच्या कागदांपुरतं लागतं, ते कुणीही मदत करेल, मीही करेन. इथे आल्यावर आपल्या लोकांचा ग्रुप नक्की ठेवा, आजारी पडलं की तेच धावतात, पण राहायला इथल्याच घरात, इथल्याच मजल्यावर राहा. आणि वहीत मराठी लिहा.

३ मेला इथे क्रूसांचा सण झाला. चौकाचौकात, अंगणात लाल फुलांचे मोठे क्रूस उभे करतात, भोवती तांब्याची भांडी, भरतकामाच्या शाली मांडतात. आमच्या बिल्डिंगच्या अंगणातही होता. आजी म्हणाल्या तुझ्याकडचं काहीतरी आण, मी आईने दिलेली इरकल साडी नेली, त्यांनी ती पायरीवर त्यांच्या शालीशेजारी पसरली. मग एक सफरचंद ठेवलं आणि त्यात कात्री खुपसली. मी विचारलं हे काय? तर इथे सफरचंदाच्या एका जातीला पेरो म्हणतात, आणि पेरो म्हणजे 'पण'. क्रूस सुंदर आहे पण, असं कुणी म्हणू नये म्हणून तो 'पण' आधीच कापून ठेवायचा. संध्याकाळी एक बाई आल्या, साडीचा पदर हातात घेऊन विचारायला लागल्या हे कुठलं, मी तोंड उघडेपर्यंत आजींनीच सांगायला सुरुवात केली, इरकल, सांगली, ऊस, वडील, सगळं, सगळे स गिळून.