ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी लवकर थांबत नाही

‘ऑल-व्हील ड्राइव्ह सेडान ओल्या रस्त्यावर लवकर थांबते, वळणातही सुटत नाही; रिअर-व्हील ड्राइव्ह म्हणजे धोका,’ असा एक मेसेज फिरतोय. (ऑल-व्हील म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना, रिअर-व्हील म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना.) यातलं अर्धं चूक आहे.

ब्रेक दोन्ही प्रकारांत चारही चाकांनाच लागतात. इंजिनची ताकद कुठल्या चाकांना जाते, याचा थांबण्याच्या अंतराशी जवळपास संबंध नाही. तिथे टायर बोलतो. झिजलेल्या टायरवरची ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी जास्त फसवी: गाडी निघताना चाक जागच्या जागी गरगर फिरत नाही, म्हणून रस्ता किती निसरडा आहे ते ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही.

फरक पडतो तो वेग घेताना. २०२१ ची बीएमडब्ल्यू एम३ कॉम्पिटिशन घ्या. इंजिन तेच, ५१० हॉर्सपॉवर, ६५० न्यूटन-मीटर. तरी कंपनीच्या आकड्यांनुसार ० ते १०० ला रिअर-व्हीलला ३.९ सेकंद, एक्सड्राइव्हला (बीएमडब्ल्यूची ऑल-व्हील ड्राइव्ह) ३.५. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला तरी फायदा होतो. पण वळणात शिरतानाच वेग जास्त असेल, तर दोन्ही सारख्याच घसरतात, शिवाय एक्सड्राइव्हचं वजन थोडं जास्तच.

‘ऑल-व्हील आली, मजा गेली’ हेही सरसकट खरं नाही. बीएमडब्ल्यूच्याच २०१७ च्या एम५ मध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद केलं की फक्त मागच्या चाकांवर चालवायचा मोड मिळतो. (सार्वजनिक रस्त्यावर नको, प्लीज.)