झुडपातला आवाज आणि हातातला तक्ता

इंग्लंडच्या दक्षिणेकडील साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांवर एप्रिलच्या पहाटे सहा वाजता कागद-पेन्सिल घेऊन कुडकुडत उभे राहण्याची सक्ती कोणी कोणावर करत नाही. ती माणूस आपणहून ओढवून घेतो. १९९४ पासून चालत आलेल्या ब्रीडिंग बर्ड सर्व्हेमध्ये, म्हणजे विणीच्या हंगामातल्या पक्षीगणनेत, स्वयंसेवकाला एक चौरस किलोमीटरचा चौकोन नेमून देतात. कोणता चौकोन मोजायचा याची चिठ्ठी संगणक काढतो आणि संगणकाला चढ-उतार, काटे किंवा गुडघे यांची कल्पना नसते. माझ्या वाट्याला फुलांनी भरलेले गवत थोडे आणि काटेरी झुडपे उदंड असा एक घसरडा उतार आला.

पूर्वी येथे मेंढ्या आणि ससे गवत कुरतडून आखूड राखत. मेंढ्या कमी झाल्या, १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या मिक्झोमॅटोसिस या सशांच्या साथीच्या रोगाने ससे मारले आणि हॉथॉर्नची झुडपे मोकाट वाढली. ती तोडली तर लिनेट आणि व्हाइटथ्रोट हे छोटे पक्षी बेघर होतात, ठेवली तर गवतातली फुले गुदमरतात, असा जाणकारांचा जुना वाद आहे. माझे भांडण झुडपांशी नाही, आत बसून गाणाऱ्यांशी आहे.

दोन समांतर रेषांवरून चालायचे, प्रत्येक रेषेचे दोनशे मीटरचे पाच भाग करायचे आणि प्रत्येक पक्षी पंचवीस मीटरच्या आत, शंभरच्या आत की त्याहून दूर होता हे लिहायचे, असा नियम आहे. नुसता वरून उडून जाणाऱ्यासाठी वेगळा रकाना असतो. मात्र आकाशात टांगून घेतल्यागत गाणारा स्कायलार्क, म्हणजे आपल्या चंडोलाचा भाऊबंद, नियमाप्रमाणे उडत नसतो. त्याला अंतराच्या रकान्यात बसवावे लागते. त्यामुळे मान मोडेपर्यंत वर पाहायचे आणि अंदाज मात्र जमिनीवरचा बांधायचा.

ब्लॅककॅप आणि गार्डन वॉर्ब्लर यांची कथा याहून अवघड आहे. दोघेही पानांआड बसतात आणि दोघांचेही गाणे भरभर ओघळणारे, गोड असते. एकाच्या स्वरात बासरीचा अंश अधिक आणि दुसऱ्याचे गाणे सलग, घाईचे, असे तज्ज्ञ समजावतात. हे विवेचन पक्षी गाऊ लागेपर्यंत उत्तम पटते. यलोहॅमर तेवढा ओळखू येतो, पण तो ‘थोडासा ब्रेड, चीज नको’ असे म्हणतो अशी इंग्रजांची समजूत आहे आणि उपाशीपोटी फिरणाऱ्यापुढे हा विषय काढणे मला असभ्यपणाचे वाटते.

एवढ्यात कुत्रा फिरवणारे एखादे आजोबा भेटतात आणि “काही विशेष दिसलं का?” असे आपुलकीने विचारतात. दिसले काहीच नाही, ऐकले मात्र पुष्कळ, हे उत्तर त्यांना पटत नाही. तेवढ्या बोलण्यात झुडपातून कोणीतरी दोनदा गाऊन गप्प झालेले असते.

हे सारे निदान चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करायचे, कारण इथेच राहणारे पक्षी लवकर गातात आणि आफ्रिकेतून येणारे उशिरा पोहोचतात. दुसऱ्या फेरीत पहिली रेषा संपवून दुसरीकडे निघालो, तेव्हा कुंपणाच्या खांबावर, अगदी उघड्यावर, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळावा तसे गात एक कॉर्न बंटिंग बसला होता. तो दुर्मीळ होत चाललेला पक्षी मला निवांतपणे, पाठपोट दाखवत राहिला. दोन रेषांच्या मधल्या वाटेवरचे पक्षी मोजायचे नसतात.