नुसते वॅट बघून अँप (अँप्लिफायर) घेऊ नका

'स्पीकर जितक्या वॅटचा, अँपही तितक्याच वॅटचा घ्या' हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. माझे स्पीकर कागदावर ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), पण खालच्या सुरांत साडेतीनपर्यंत उतरतात, म्हणजे अँपकडून जास्त करंट ओढतात. लातूरच्या घरी जुन्या अँपवर पखवाजाच्या डाव्या बाजूची थाप पडली की आवाज फाटायचा, आणि झाकणावर हात ठेववत नसे इतकं ते तापायचं. आता ८ ओहमला १०० अन् ४ ओहमला जवळपास १९० वॅट देणारा घेतलाय. थाप काय भरीव येते! ४ ओहमचा आकडा असा दुपटीजवळ गेला की पॉवर सप्लाय (अँपला आतून वीज पुरवणारा भाग) दमदार समजा. वॅट दुप्पट करूनही आवाज ३ डेसिबलच वाढतो, तेव्हा ८० चे १०० करायला पैसे घालू नका. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, अँपवर वीतभर जागा मोकळी ठेवाच.